वाचनालयातला प्रिंटर : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१४ जून, शनिवार

देवगड तालुक्यातलं गावचं वाचनालय. चार संगणक, एक लेझर प्रिंटर. संगणकांना माशांची नावं आहेत, म्हणजे फोनवर बोलताना घोळ होत नाही : सुरमई, बांगडा, मोरी आणि तारली. प्रिंटर यूएसबीने सुरमईला जोडलेला, सुरमईवर डेबियन १२, बाकी तिघांवर लिनक्स मिंट २१.३. दोन्ही विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सचेच प्रकार. तारली हा लॅपटॉप, तो टेबलावरून टेबलावर फिरतो. हे पुढे महत्त्वाचं ठरेल असं आजच वाटतंय.

ही यंत्रं विंडोज ११ घेत नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय, म्हणून एप्रिलमध्ये सगळीकडे लिनक्स टाकलं. तेव्हापासून ग्रंथपाल ताईंची तक्रार एकच. त्यांच्याच शब्दांत : "प्रिंटर कधी दिसता, कधी दिसणा नाय. आणि दिसलो तरी कागद येयत ह्येचो भरवसो नाय."

कमिटीतल्या अण्णांचं मत स्पष्ट आहे : फुकटची वस्तू, फुकटचा ताप. त्यांना सांगितलं की लिनक्सवर छपाई सांभाळणारं कप्स हे काही हौशी पोराचं काम नाही. मायकल स्वीट यांनी ते १९९७ मध्ये लिहायला घेतलं, १९९९ मध्ये लोकांसमोर आलं, आणि २००७ मध्ये अ‍ॅपलने ते विकतच घेतलं. त्यांच्या पुतण्याच्या मॅकमध्ये पडद्यामागे हेच चालतं. अण्णा म्हणाले, "मगे तेचो प्रिंटर कसो चलता?" याला आज उत्तर नव्हतं.

ताईंच्या तक्रारीत दोन वेगळे आजार आहेत. "दिसत नाही" हा नेटवर्कचा. "दिसतो पण कागद येत नाही" हा बहुतेक सुरमई आणि प्रिंटर यांच्यातला. लायब्ररऑफिसच्या (वर्डसारखा फुकटचा प्रोग्राम) प्रिंट खिडकीत बसून दोन्हींचा एकदम शोध घेतला तर आयुष्य जाईल. आधी नेटवर्क सोडून द्यायचं आणि प्रिंटरच्या जवळून सुरुवात करायची.

१५ जून, रविवार

बाकी तीन संगणक बंद ठेवले. सुरमईवरूनच चाचणी पान पाठवलं, आलं. परत पाठवलं, परत आलं. मग पाऊस वाढला, लाइट गेली, पंधरा मिनिटांनी आली, आणि पान येईना. मिरगाच्या पावसात इकडे वेगळी चाचणी रचायला लागत नाही, महावितरण आणि आभाळ मिळून ती घेतात.

'एलपीस्टॅट -टी' ही छपाईच्या रांगेची स्थिती सांगणारी आज्ञा दिली. रांग 'डिसेबल्ड' झालेली, आणि तिच्यामागे माझीच चाचणी पानं उभी. इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती कळली की निम्मी भीती जाते. कप्सच्या रांगेला दोन दारं असतात. एक मागचं : कामं घ्यायची की नाही. दुसरं पुढचं : घेतलेली कामं प्रिंटरकडे सोडायची की नाही. पुढचं दार बंद आणि मागचं उघडं असेल तर तारलीवर सगळं सुरळीत दिसतं, 'पाठवलं' असंच कळतं, आणि कागद मात्र येत नाही. ताई मग तेच पान तीन वेळा पाठवतात. दार उघडलं की तीनही प्रती येतात, आणि टोनर कोणी संपवला यावर कमिटीत चर्चा होते.

पुढचं दार बंद का झालं? छपाई चालू असताना प्रिंटरची वीज गेली, सुरमई यूपीएसवर असल्याने जागीच राहिली. तिला दिसलं की यूएसबीवरचं यंत्र मध्येच नाहीसं झालं. या रांगेचं धोरण 'स्टॉप-प्रिंटर' असं लावलेलं, म्हणजे चूक आली की रांग थांबव आणि माणसाची वाट बघ. मोठ्या ऑफिसात ठीक असेल. इथे त्या माणसाने कणकवलीहून यायचं असतं.

प्रिंटरही यूपीएसवर टाका, असं अण्णांनी सुचवलं. ते करायचं नाही. लेझर प्रिंटर कागदावर टोनर वितळवून चिकटवतो, त्यासाठी आतला फ्यूजर तापताना एकदम जबर वीज ओढतो. छोटा यूपीएस त्याने बसेल आणि सोबत सुरमईलाही घेऊन जाईल.

'कप्सइनेबल' देऊन रांग सुरू केली. तरी पान नाही. प्रिंटरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि गप्प. म्हणजे वीज हे अर्धंच कारण आहे.

२१ जून, शनिवार

उरलेलं अर्धं कारण सापडलं. हा प्रिंटर त्या जातीचा आहे ज्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं राहत नाही. दर वेळी चालू झाला की संगणकाने ते त्याला यूएसबीवरून पाजायचं, मगच तो छापायला लायक होतो. विंडोजवर हे काम ड्रायव्हर गुपचूप करतो, त्यामुळे कोणाला पत्ता नसतो. लिनक्सवर ते यूडेव्हचा (यंत्र जोडलं-काढलं की दखल घेणारा भाग) एक नियम करतो : प्रिंटर जोडला गेला असं दिसलं की एक स्क्रिप्ट चालते आणि फर्मवेअरची फाइल प्रिंटरच्या यूएसबी फाइलीवर ओतते.

रांग रिकामी असेल तर हे बिनबोभाट होतं. पण रांगेत काम अडकलेलं असेल तर प्रिंटर जागा होताच दोघं त्याच्यावर झडप घालतात : फर्मवेअरवाली स्क्रिप्ट आणि कप्सचा यूएसबी बॅकएंड, म्हणजे पानं प्रिंटरकडे नेणारा भाग. बॅकएंड यंत्राशी थेट बोलण्यासाठी कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, 'यूएसबीएलपी' मॉड्यूल बाजूला सारतो. ते सरलं की ज्या फाइलीवर स्क्रिप्ट लिहिणार ती फाइलच नाहीशी होते. फर्मवेअर बाहेर राहतं, आणि मेंदू नसलेल्या प्रिंटरकडे पानाचा डेटा जातो. तो एकदा डोळा मिचकावतो, बास.

म्हणून ताईंचा अनुभव असा विचित्र होता : काम नसताना लाइट गेली तर नंतर सगळं नीट, काम असताना गेली तर दिवसभर बंद. "ह्याका माणूस बघून चलूची सवय हा," असं त्या म्हणायच्या. माणूस नाही, रांग बघून.

उपाय क्रमाचा आहे. प्रिंटर गेला असं दिसलं की आधी रांगेचं पुढचं दार लावायचं. तो परत आला की फर्मवेअर पाजायचं, थोडं थांबायचं, मग दार उघडायचं. मागचं दार सतत उघडंच, म्हणजे कामं साठत राहतील. यूडेव्हच्या नियमातून लांबणारं काम चालवू नये, ते मध्येच मारलं जातं. म्हणून नियम फक्त सिस्टमडीच्या (पडद्यामागची कामं चालवणारी लिनक्सची यंत्रणा) एका सेवेला जागं करतो आणि खरी स्क्रिप्ट ती सेवा चालवते. स्क्रिप्ट एवढुशीच : फाइल ओत, दहा सेकंद थांब, 'कप्सइनेबल' दे.

रांगेचं धोरणही बदलून 'रिट्राय-जॉब' केलं. आता चूक आली तरी रांग थांबत नाही, कप्स ते काम तीस सेकंदांनी पुन्हा पाठवून बघतं. असे प्रयत्न ते मुळात पाचच करतं, पण लांब वेळ लाइट गेली तर दार आपण लावलेलंच असणार, तेव्हा आकडा बदलायची गरज नाही.

चाचणी म्हणून छपाई चालू असताना प्रिंटरचा सॉकेट बंद केला, थोड्या वेळाने चालू केला. मोटर घरघरली, दिवा पेटला, थोडी शांतता, आणि अर्धवट राहिलेलं काम पहिल्या पानापासून पुन्हा आलं. ताईंनी स्वतःच्या हाताने बटण बंद-चालू करून खात्री केली. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही, आणि नसलेलाच बरा.

२२ जून, रविवार

आता नेटवर्क. पहिली गोष्ट : सुरमई बाहेरच्यांचं ऐकते तरी का? कप्स ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जाळ्याकडच्या त्या क्रमांकाच्या दारातून, बोलतं. सुरमईवर कोणते पोर्ट उघडे आहेत ते 'एसएस' या आज्ञेने बघितलं, तर ६३१ समोर १२७.०.०.१. म्हणजे ती फक्त स्वतःशीच बोलतेय. मूळ मांडणी तशीच असते आणि ती योग्यच आहे, कोणीही न सांगता प्रिंटर जगाला वाटत सुटू नये.

'कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स' दिलं. त्याने सेटिंगच्या फाइलीतली 'लिसन लोकलहोस्ट' ओळ जाऊन 'पोर्ट ६३१' आली आणि 'अलाव @लोकल' असा नियम बसला, म्हणजे आपल्याच जाळ्यातल्या यंत्रांना परवानगी. पण एवढ्याने भागत नाही. शेअरिंग दोन ठिकाणी असतं : एक पूर्ण सर्व्हरचं, एक त्या त्या प्रिंटरचं. आपल्या प्रिंटरचं बंद होतं, ते 'एलपीअ‍ॅडमिन' या आज्ञेने चालू केलं. बहुतेक लोक पहिलं करून थांबतात आणि मग लिनक्सला शिव्या देतात.

मोरीवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१.२०:६३१ टाकलं, कप्सचं पान दिसलं. हे मला सर्वांत भरवशाचं लक्षण वाटतं. प्रिंटर खिडकीत दिसतो का हा प्रश्न नंतरचा, पान उघडलं म्हणजे रस्ता आहे.

मोरीला प्रिंटर लगेच दिसला. बांगड्याला नाही. तारलीला दिसला, मग दुपारच्या चहानंतर दिसेनासा झाला. तारलीला कोणी हात लावला नव्हता. फक्त ताईंनी तिला उचलून खिडकीजवळ ठेवलं होतं, वारा यावा म्हणून.

२८ जून, शनिवार

खिडकी हेच उत्तर.

वाचनालयात फायबरचा डबा दर्शनी खोलीत आहे, त्याचं स्वतःचं वायफाय आहे. मागच्या खोलीत, म्हणजे जिथे जांभ्या दगडाची जाडजूड जुनी भिंत आहे, तिथे सिग्नल पोचत नाही म्हणून कोणीतरी मागच्या वर्षी दुसरा राउटर बसवलाय. पहिल्यातून आलेली केबल दुसऱ्याच्या 'वॅन', म्हणजे इंटरनेटसाठीच्या, भोकात खुपसलेली. अशी जोडणी केली की दुसरा राउटर स्वतःचं वेगळं जाळं मांडतो. पुढच्या खोलीत पत्ते १९२.१६८.१ चे, मागच्या खोलीत १९२.१६८.० चे. एक छप्पर, दोन वाड्या, मध्ये कुंपण.

इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण प्रिंटर आपोआप दिसणं हे वेगळ्या तंत्रावर चालतं. सुरमईवरचा अवाही हा प्रोग्राम एमडीएनएसची, म्हणजे जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम ऐकू जाणारी, हाक देतो, यूडीपीच्या ५३५३ पोर्टवरून २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर : "माझ्याकडे प्रिंटर आहे." ही हाक आपल्याच जाळ्यापुरती असते, राउटर ती पलीकडे नेत नाही. बांगडा मागच्या खोलीत, त्याला हाक कधीच ऐकू आली नाही. तारली खिडकीजवळ गेली की पुढचं वायफाय सोडून मागचं पकडते. प्रिंटर दिसणं-न दिसणं हा लॅपटॉप कुठे ठेवलाय याचा प्रश्न होता.

गंमत अशी की बांगड्यावर ब्राउझरमध्ये सुरमईचा पत्ता टाकला तर कप्सचं पान उघडतं! आतल्या जाळ्यातून बाहेरच्याकडे जाता येतं, उलटं येता येत नाही. सुरमईला ती विचारणा दुसऱ्या राउटरच्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसते, तो पत्ता पुढच्या जाळ्यातलाच, त्यामुळे 'अलाव @लोकल'लाही हरकत नाही. म्हणजे प्रिंटर पोचण्यासारखा होता, फक्त दिसत नव्हता. तीन महिने आपण दिसण्यामागे धावत होतो.

दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट केला, म्हणजे वेगळं जाळं न मांडता नुसतं वायफाय देणारा : त्याचं पत्तेवाटप बंद, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता, आणि केबल 'वॅन'मधून काढून 'लॅन'च्या, म्हणजे आतल्या जाळ्याच्या, भोकात. दोन्ही खोल्यांना आता एकच जाळं. केबलच्या पिनेवर हिरवट थर चढला होता, समुद्र इथून हाकेवर आहे, खारा वारा तांबं सोडत नाही. पिन कापून नवी मारली.

५ जुलै, शनिवार

आता तिघांना प्रिंटर आपोआप दिसतो. तरीही मी आपोआप दिसण्यावर कारभार ठेवणार नाही.

आपोआप सापडणं हे कोणासाठी आहे? कॉलेजात आज आलेला, उद्या जाणारा लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यासाठी. आमचे तीन संगणक, एक प्रिंटर, सगळे वर्षानुवर्षं तिथेच. शेजाऱ्याच्या घरी जायला कोणी रोज पत्ता विचारत नाही. फायबरच्या डब्यात सुरमईला तिच्या मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १९२.१६८.१.२० कायमचा बांधून दिला. मग तिन्ही संगणकांवर 'एलपीअ‍ॅडमिन'ने थेट त्या पत्त्याची आयपीपी (जाळ्यावरून छापायची ठरलेली भाषा) रांग केली, ड्रायव्हरच्या जागी 'एव्हरीव्हेअर', म्हणजे वेगळा ड्रायव्हर न लागणारा पर्याय. ती रांग अवाही झोपलं तरी चालेल, वायफायचं नाव बदललं तरी चालेल.

आणि 'कप्स-ब्राउज्ड' ही जाळ्यातले प्रिंटर शोधणारी सेवा तिन्हीकडे बंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षा-संशोधक सिमोने मार्गारितेल्ली यांनी तिच्यातली भोकं जाहीर केली होती : ती यूडीपी ६३१ वर कोणाचंही ऐकायची, आणि बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर सांगून, त्यावर कोणी काही छापायला दिलं की संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकायचा. दुरुस्त्या आल्या, त्या आपल्याकडे आहेत. पण जी सेवा लागतच नाही ती दुरुस्त करून तरी कशाला बाळगायची?

एक अडथळा आला. पत्त्याचे आकडे ताईंच्या लक्षात राहत नाहीत म्हणून संगणकांच्या होस्ट फाइलीत (नाव आणि पत्त्यांची यादी) सुरमईला 'छापखाना' असं दुसरं नाव दिलं. त्या नावाने गेलं की कप्स 'बॅड रिक्वेस्ट' म्हणून दार आपटायचं, आकड्यांनी गेलं की आत घ्यायचं. हा बिघाड नाही. मला कोणत्या नावाने हाक मारली हे कप्स तपासतं, फसव्या वेबसाइटने ब्राउझरकरवी आत घुसू नये म्हणून. सेटिंगमध्ये 'सर्व्हरएलियस'ची एक ओळ टाकून नवं नाव ओळखीचं करून दिलं, विषय संपला.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. ताईंचा निरोप : काल रात्री लाइट गेली-आली, सकाळी भजनी मंडळाची पानं बांगड्यावरून आपली आपण आली.

१२ जुलै, शनिवार

दोन किरकोळ गोष्टी, पैकी दुसरी किरकोळ नव्हती.

मोरीवर प्रिंटरची जुनी रांग शिल्लक होती, तीत प्रिंटरचा ड्रायव्हर स्थानिकही बसवलेला. तसं करू नये. ड्रायव्हर जिथे प्रिंटर जोडलाय तिथेच. इकडे मोरीने पान प्रिंटरच्या भाषेत करून पाठवायचं आणि तिकडे सुरमईने त्या तयार मालाला पुन्हा हात लावायचा, की मग कधी नकार, कधी पानभर चिन्हांची रांगोळी. जुनी रांग काढून टाकली. 'एव्हरीव्हेअर' रांगेत हा गोंधळ होत नाही, मोरी पान सर्वसामान्य रूपात पाठवते आणि शेवटचं भाषांतर सुरमई करते.

दुसरी : शिष्यवृत्तीचे अर्ज आणि सातबारा छापताना तारलीवरून खालच्या ओळी कापल्या जात, किंवा प्रिंटर कागद असूनही "कागद घाला" म्हणून दिवा लावून बसे. तारलीवर भाषा अमेरिकन इंग्रजी निवडलेली. त्यामुळे कागद 'लेटर' धरला जातो : २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ म्हणजे २१० बाय २९७. लेटर रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला जवळपास दोन सेंटिमीटर कमी, आणि सातबाऱ्याच्या तळाला नेमकं तेच असतं जे बँकवाल्याला बघायचं असतं. यंत्रणेचा कागद, रांगेचा कागद आणि लायब्ररऑफिसच्या पानाचा कागद, तिन्ही ठिकाणी ए४ केलं. एका ठिकाणी केलं की दुसरं जिंकतं.

१९ जुलै, शनिवार

संगणकातलं काही नाही. कागद अडकतोय.

गेला आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. ट्रेमधला कागद हाताला गार आणि मऊ लागतो, पापड सादळतो तसा सादळलाय. असा कागद फ्यूजरच्या उष्णतेतून गेला की त्यातलं पाणी एका अंगाने उडतं, कागद गुंडाळतो आणि बाहेर पडण्याच्या जागी अडकतो. छपाईही फिकी, बोटाने घासलं तर अक्षर पुसतं, कारण उष्णता टोनर वितळवण्याऐवजी पाणी उडवण्यात जाते. ताईंनी रांग, वायफाय, राउटर सगळं तपासून मला फोन केला होता. प्रगती आहे.

रीमचं वेष्टन फोडून सगळा गठ्ठा ट्रेमध्ये भरायची पद्धत बंद. लागतील तेवढीच पानं काढायची, उरलेली परत प्लास्टिकमध्ये. कागदाचा साठा दुर्मीळ पुस्तकांच्या कपाटात हलवला, तिथे पावसाळ्यात पिवळा बल्ब लावून ठेवतातच. पुस्तकांसाठी आमच्या आजोबांच्या पिढीने शोधलेला उपाय लेझरच्या कागदालाही लागू पडतो. अडकलेला कागद ओढताना तो निघायच्या दिशेनेच ओढायचा, उलटा ओढला की आतली फिल्म फाटते, आणि ती दुरुस्ती नव्या प्रिंटरच्या किमतीकडे झुकते.

२ ऑगस्ट, शनिवार

गणपतीसाठी आरत्यांची पुस्तिका छापायची आहे. चाकरमानी येणार, दर घराला एक प्रत. अण्णांनी सगळ्या आरत्या साध्या टेक्स्ट फाइलीत टंकून ठेवल्यात, कौतुकास्पद. फाइल 'एलपी' या छपाईच्या आज्ञेने थेट पाठवली तर काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, जोडाक्षरं मोडून हलंत. अण्णा लगेच : "बघलंस? मराठी येणा नाय."

मराठी येतं. साधा टेक्स्ट आला की कप्सच्या साखळीतला टेक्स्ट फिल्टर तो अक्षरागणिक ठराविक रुंदीच्या चौकटींत मांडतो. इंग्रजीला ते पुरतं. देवनागरीत अक्षरं एकमेकांना बघून आकार घेतात, 'र्क' मधला रफार लिहिताना आधी येतो आणि दिसतो नंतर, वर. ही जुळवाजुळव त्या फिल्टरला येत नाही. लायब्ररऑफिस ती स्वतः करतं आणि पीडीएफमध्ये फॉन्टसकट बंद करून पाठवतं, म्हणून तिथून कधीच बिघडत नाही. टेक्स्ट थेटच पाठवायचा असेल तर आधी 'पॅप्स' या प्रोग्राममधून काढावा, तो अक्षरं जुळवणाऱ्या पँगोच्या जिवावर जोडाक्षरं नीट बसवतो. अण्णांची फाइल लायब्ररऑफिसमध्ये ओतली, नोटो सेरिफ देवनागरी लावला, आजीआजोबांसाठी अक्षर मोठं ठेवलं.

मंडळाची १९९८ सालची भजनं मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्याचा प्रिंटरशी संबंध नाही, तो स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तो मी घेतलेला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

ताईंना महिन्याचा हिशोब हवा : कोणत्या संगणकावरून किती पानं. कप्स पानांची नोंदवही ठेवू शकतं, पण 'पेजलॉगफॉरमॅट' ही ओळ मुळात रिकामी असते, म्हणून वहीही कोरी. ओळीत तारीख, संगणक, कामाचा क्रमांक आणि पानं एवढं भरलं. कागदपत्राचं नाव नोंदवायचं नाही असं ठरवलं. कोण कसला दाखला छापतं हे गावाला कळायची गरज नाही, तसंही कळतंच.

बिघाड शोधताना चालू केलेली सविस्तर नोंद बंद केली, ती चालू राहिली तर फाइल फुगते आणि खरी चूक त्यात हरवते.

फोनवरून थेट छपाई सुरू करा अशी मागणी आली. तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. एकच जाळं झाल्यापासून सुरमईची हाक फोनलाही ऐकू येते. पण वायफायचा पासवर्ड वाचनालयाच्या ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. फोनवाल्यांसाठी वेगळं पाहुणा वायफाय काढलं, तिथून इंटरनेट मिळतं, सुरमई मिळत नाही. ज्याला छापायचंय त्याने फाइल ताईंच्या फोनवर पाठवावी. ताई दोन रुपये पान घेतात आणि वर फाइलीतलं शुद्धलेखनही सुधारून देतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

पुस्तिकेची छपाई. प्रिंटर एकाच बाजूने छापतो, म्हणून आधी विषम पानं, मग गठ्ठा पालथा घालून सम पानं. गठ्ठा कसा पालथायचा हे प्रत्येक प्रिंटरला वेगळं : आधी चार पानांवर पेन्सिलीने बाण काढून बघितलं, तो बाण प्रिंटरच्या झाकणावर मार्करने कायमचा काढून ठेवला. एका वेळी वीसच कागद, बल्बच्या कपाटातून काढलेले. थोडं छापून प्रिंटरला गार होऊ द्यायचं.

दुपारी छपाई ऐन रंगात असताना लाइट गेली. यूपीएसवरच्या सुरमईवरून ताईंनी पुढची फाइल तशीच पाठवून ठेवली, रांगेचं दार लागलेलं होतं, काम मागे उभं राहिलं. तासाभराने लाइट आली, दिवा पेटला, फर्मवेअर गेलं आणि अर्धवट राहिलेला गठ्ठा पहिल्या पानापासून सुरू झाला. ही एक खोट आहे : छापून झालेली विषम पानं पुन्हा येतात, बाजूला काढावी लागतात. मोठी फाइल दहा-दहा पानांच्या तुकड्यांत पाठवायची, असं ठरलं.

अण्णा बघायला आले होते. पहिली पुस्तिका हातात घेऊन त्यांनी 'सुखकर्ता दुखकर्ता'तली एक ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखवली. ती त्यांच्याच फाइलीतली आहे, ताईंनी सुधारली.

उरलेलं काम : फायबरचा डबा आणि मागचा राउटर छोट्या डीसी यूपीएसवर घेणं, कारण लाइट गेल्यावर सुरमई जागी असूनही मागच्या खोलीतून कामं तिच्यापर्यंत पोचत नाहीत. टोनर मागवणं. फर्मवेअरची स्क्रिप्ट आणि सेटिंगच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवणं. सगळं विसर्जनानंतर, सध्या ताईंच्या घरी मखराचं काम चालू आहे आणि पेनड्राइव्ह त्यांच्या मुलाकडे आहे, त्यात गाणी भरलेली.